पहिल्या रांगेचे जोडे

२ नोव्हेंबर
मंडळाची मीटिंग. आमचं मंडळ तीनशे वर्षांपूर्वीच्या सैनिकांची छावणी जशीच्या तशी उभी करतं. कपडे, शस्त्रं, भांडी, सगळं तसंच. प्रमुख माझा मेहुणा. लोक त्याला सरदार म्हणतात. घरी मीही म्हणतो, नाइलाजाने. दोन वर्षं त्याने मला तंबू ओढायला लावलंय. यंदा छावणीच्या संचलनातल्या पहिल्या रांगेचे जोडे शिवायला कोणी नव्हतं. मी हात वर केला. अट एकच, पहिल्या रांगेत मीही. सरदार कबूल. आधी निदान तीन आधार शोध म्हणाला. चित्र, कागद, मूळ वस्तू. शोधू की. त्यात काय.

३ नोव्हेंबर
बायकोने विचारलं, शर्टाचं बटण तरी लावलंय का कधी. दुर्लक्ष.

५ नोव्हेंबर
संग्रहालय. काचेच्या कपाटात त्या काळचा जोडा. उजवाच, डावा हरवलाय. तासभर उभा राहून रेखाटला. करंगळीपाशी मुद्दाम कापलेलं भोक. हवा खेळती राहावी म्हणून. टाच आतल्या बाजूला उतरती. चढावर पकड यावी म्हणून. काय डोकं होतं त्या लोकांचं! तिथल्या बाई म्हणाल्या, जोड्याची फाइल आहे, बघता का. म्हटलं, नको. वस्तू स्वतः बोलते.

९ नोव्हेंबर
ग्रंथालयात जाणार होतो. बंद होतं. म्हणजे असणार, रविवार आहे. एक अस्सल आधार तीन फुटकळ आधारांना भारी.

१६ नोव्हेंबर
चामडं बादलीत भिजवलं. घरभर वास. बायको माहेरी गेली, म्हणजे सरदाराकडे. बरं झालं, कामात लक्ष लागेल.

३० नोव्हेंबर
माझा जोड तयार. डावा उजव्यावरून उलटा करून काढला. भोक अर्थातच दोन्हीकडे. घालून चाललो. करंगळी बाहेर येते आणि कडेला घासते. टाचा आत कलतात, गुडघे एकमेकांवर आपटतात. दोष जोड्याचा नाही. आपले पाय लाडावलेत.

१३ डिसेंबर
सगळे जोड पूर्ण. सरदाराचा फोन, आधार किती झाले? भक्कम आहेत, म्हणालो.

२० डिसेंबर, संध्याकाळ
रंगीत तालीम. पहिली रांग बदकांसारखी डुलत निघाली. अर्ध्या मैदानात दोघे खाली बसले. एकजण रडकुंडीला आला. भूमिकेत शिरला म्हणायचा.

संग्रहालयातल्या बाई पाहुण्या होत्या. माझ्या पायांकडे बराच वेळ बघत राहिल्या. मग हळूच म्हणाल्या की मूळ जोडा एका लंगड्या शिपायाचा. करंगळी सुजली म्हणून त्याने सुरीने भोक पाडलं, आणि पाय ओढत चालून टाच एकीकडे झिजली. हे सगळं फाइलमध्ये आहे.

म्हणजे एका माणसाचं दुखणं मी अख्ख्या रांगेच्या पायात घातलं. तंतोतंत घातलं, पण त्याचं कौतुक कोणी केलं नाही. सरदार ओरडला नाही. ओरडला असता तर बरं वाटलं असतं.

२२ डिसेंबर
बाई आणि सरदार दुपारभर ग्रंथालयात. तीन चित्रं आणि दोन प्रवाशांची वर्णनं मिळाली. साधे शिपाई बहुतेक अनवाणीच चालायचे. रांग अनवाणी जाणार. सरदार म्हणाला, तूही ये. माझी करंगळी टोमॅटोसारखी झालीय. डॉक्टर म्हणतात, पाय टेकायचा नाही. मी म्हणालो, बघू.

२८ डिसेंबर
बघून झालं. छावणीत मी प्रेक्षकांत, खुर्चीवर. बायको शेजारी. परत आलीय. दुखतंय का विचारलं. नाही म्हटलं. दुखत होतं.

रांग निघाली. झोकात, एका तालात. मधे माझी जागा मोकळी सोडली होती. बायकोने भावाला सांगितलं असणार. मला भरून आलं. तेवढ्यात लाउडस्पीकरवर निवेदकाने सांगितलं की ही मोकळी जागा लढाईत पडलेल्या वीराची आहे. अख्खं मैदान उठून उभं राहिलं. इतका मान मला आजवर कुठे मिळाला नव्हता.

पलीकडच्या माणसाने मला खुणावलं, उठा. पाय टेकवेना. बसून राहिलो. तो वाकून बायकोला म्हणाला की काही लोकांना इतिहासाची कदरच नसते.

ती हो म्हणाली.