हातातलं मांजर

६ जानेवारी, मंगळवार. पानी चार पेले.
दवाखान्यातल्या शालूबाई सिस्टरनी ही वही दिली. दिवसाला पानी किती पिलं त्ये लिवायचं. मी सातवी शिकल्याली, म्हनलं बाकीचं बी लिवू. आज आटपाडीसनं सांगलीत आलो. दवाखान्यामागं खोली मिळाली, नळ आतच हाय. प्रांजलनं धा बारी उघडला. तीन वर्साची हाय, तिला सगळीच गंमत. डायलिसिससाठी माज्या डाव्या हाताची शीर जोडल्याली हाय, तितं रगत घुरघुरतं. प्रांजल कान लावती. म्हनती, आई, मांजर बोलतंय. किडनी माजं मालक देनार. रगताचा गट एकच निघाला. ह्ये हसून म्हनलं, मेंढरू घेताना बी एवढं तपासत न्हाईत.

१३ जानेवारी. पानी चार.
आज दोगांचं रगत घेतलं. एकात एक घालून बगत्यात, पटतंय का. सिस्टरनी इचारलं, बाळंतपनं किती, कवा पोट पडलं का. ह्ये शेजारीच हुतं. मी म्हनलं, एकच, प्रांजल.
तिच्या आदी एक हुता. म्हसवडला, म्हायेरी, पाचव्या म्हयन्यात पोटातच गेला. ह्ये तवा मेंढरं घिऊन उंब्रजकडं हुतं. आई म्हनली, सासरी सांगू नगंस, तुलाच बोल लावतील. बोरीच्या झाडाखाली पुरून ठेवला.

१६ जानेवारी. पानी पाच, चुकून.
पटलं न्हाई. माज्या रगतानं ह्यांच्या पेशी मारल्या. डॉक्टर म्हनलं, पोटातलं लेकरू अर्दं बापाचं, आईचं रगत त्याला परकं समजून राखनदार तयार करतं. अँटीबॉडी. त्ये ऱ्हात्यात मागं. मग म्हनलं, एका बाळंतपनात एवढ्या? ह्ये माज्याकडं बगाय लागलं. मी पदर सारका केला.
वाटंत ह्ये म्हनलं, आपल्या मेंढरं राखनाऱ्या कुत्र्यागत हाय की. एकदा वास घेतला की इसरत न्हाई.
आता दुसरं कोन देनार किडनी.

२० जानेवारी. पानी तीन.
मी लपवलं, रगतानं सांगितलं. घुरघुर वाडली हाय. मांजर न्हाई त्ये. बोरीखालचा हाय.
आन प्रांजल बी अर्दी ह्यांचीच, माज्या रगताला परकी. कुत्र्याला काय कळतंय, कोकरू कुटलं आन लांडगा कुटला.

२३ जानेवारी. पानी तीन.
शालूबाईस्नी इचारलं. म्हनल्या, येडी का खुळी तू, रगत भाईर यिऊन कुनाला मारत न्हाई, जेवलीस का आज?
घरी हातावरची, सुई टोचल्या जागंची पट्टी ढिली झाली. एक थेंब प्रांजलच्या गालावर. सात बारी धुतला.

२४ जानेवारी.
प्रांजलला ताप. ह्ये म्हनत्यात, थंडीचा. मी जवळ घेतली न्हाई. ती दोनी हात वर करून हुबी ऱ्हायली, लय येळ— मी भिताडाकडं त्वांड केलं.

२६ जानेवारी.
ह्यांस्नी सांगितलं. वरडलं न्हाईत. इचारलं, नाव काय ठेवलं हुतंस त्याचं.
ठेवलंच न्हवतं.

२७ जानेवारी. पानी—
डायलिसिस करून आलो. ह्ये प्रांजलच्या औषधाला गेलं, तिला भाईर ओट्यावर बसवून. मी आतनं कडी घातली.
पट्टी सुटली. दाबून धरायचं म्हनत्यात— गुडघ्याखाली धरलंय, थांबत न्हाई. घुरघुर न्हाई आता. पळतंय. दाराकडंच उतार हाय. त्याला वाट ठावं हाय.
हाक मारली तर ती येनार. मारली न्हाई.
तरी आली. दाराखालच्या फटीतनं बोटं घातल्यात. ताप उतरलाय वाटतं, हसतीया. आई, मांजर दे.
बोटं काड बाय. काड—
लुगडं भिजलंय सगळं. आडवं लावाय काय न्हाई, ही वहीच— फटीला लावती, म्हंजी रगत तिच्याप