भाविकासाठी फोल्डर

चि. भाविका,

तू बाबांच्या मनाविरुद्ध लग्न केलंस, तेव्हापासून घरात तुझं नाव निघत नाही. तुझ्याच कॉम्प्युटरवर मी रोज दुपारी तुझ्यासाठी एका बोटानं पाककृती टाइप करते. मान अवघडून जाते गं. आज मडक्यात भाजायच्या शेंगांची, पोपटीची फाइल चुकून उडाली आणि मला रडूच आलं. बाबा मागे कधी येऊन उभे राहिले, कळलं नाही.

"वालाचं बिरडं लिवलंस?"

"नाय अजून."

"लिव. मीठ बेतानं घाल म्हणावं. पोरीचा हात सैल हाय."

मग खुर्ची ओढून ते शेजारी बसले.

हे तुला कळवायचा धीर होत नाही, म्हणून हे पत्र न पाठवता तूर्त पाककृतींच्या फोल्डरमध्येच ठेवते. तुला आशेला लावलं आणि ते पुन्हा गप्प झाले, तर?

तुझी,
आई
दहिवली