उसाकडचं वळण

गुरु. १३ फेब्रु.
मागच्या वर्षीच्या चषकाला पॉलिश केलं. पहिला नंबर. त्याची खरी किंमत काय पडली, ते आज मांडून बघितलं. लेकीच्या, सईच्या, गळ्याजवळचं हाड. तिचं इंजिनिअरिंगचं एक वर्ष. हिचं ब्लडप्रेशर. गारगोटीच्या मेहुण्याशी बोलणं बंद, कारण 'पोरीच्या जातीला शर्यत कशाला' म्हणाला. माझं काय गेलं? काही नाही. हात, पाय, कान, सगळं शाबूत.
उद्यापासून तीन दिवस गाड्यांची शर्यत. कमानीवर 'ग्रां प्री' लिहिलंय. शेजारचा म्हणाला, "आण्णा, म्हशी पळवायच्या सोडून ह्यो काय धंदा?" म्हटलं, म्हशीला गिअर नसतोय.

शुक्र. १४
सराव. ट्रॅकचं पलीकडचं टोक गाड्यांची डागडुजी करायच्या पिटमधून दिसत नाही, ऊस आडवा येतो. त्या वळणावर गाडी काय करते ते फक्त ऐकायचं. नेहमीच्या जागी टायरांच्या थप्पीपाशी उभा राहिलो, ट्रॅक डाव्या हाताला, डोळे मिटून. सईनं कुठं गॅसवरचा पाय काढला, कुठं दाबला, सगळं बंडाला सांगत गेलो. ती आली, हेल्मेट काढलं, म्हणाली, "बरोब्बर." बंडा माझा मेकॅनिक, वीस वर्षं बरोबर आहे, तरी बघतच राहिला.
उद्यमनगरात लेथवर लागलो तेव्हा मिसरूड नव्हती. पुस्तकं वाचली नाहीत. इंजिन उघडायच्या आधी ऐकायचं, एवढंच शिकलो.
गडहिंग्लजचा विनायक सईच्या मागं अगदी चिकटून. त्याचंही इं. माझ्याच शेडमधलं.

शनि. १५
वेळेच्या फेरीत सई दुसरी, विनायक तिसरा. उद्या उभं राहायचा क्रम हाच.
गाडीवरचा कॅमेरा काढून टाकला. हलत होता, वारा धरत होता. आमच्या गटात सक्ती नाही. बंडा म्हणाला, "राहू दे की आण्णा, काय झालं तर पुरावा असतोय." म्हटलं, पुरावा मी आहे. दोन गाड्या एकाला एक चिकटून गेल्या तरी आपली कुठली ते डोळे झाकून सांगतो. हसले सगळे, पण माना डोलवून.
घरी ही चिडली. तीनदा हाक मारली म्हणे. मन ट्रॅकवर होतं.

रवि. १६
लिहवत नाही. थोडक्यात.
माझ्या जागेवर जाहिरातवाल्यांनी स्पीकरची भिंत रचलेली. पिटच्या दुसऱ्या टोकाला जाऊन, तोंड उलट्या बाजूला करून उभा राहिलो. नवव्या फेरीत उसाकडच्या वळणावर एक गाडी फिरून आडवी झाली. पिवळं निशाण. म्हणजे सगळ्यांनी पाय काढायचा. ती गाडी बाजूला ढकलायला शिवा उतरला. हुपरीचा शिवा, एरवी घरी पैंजणं घडवतो, शर्यतीला हौसेनं मार्शल म्हणून येतो.
सई आणि विनायक पुढंमागं त्या वळणात गेले. एका इं.चा आवाज उतरला. दुसऱ्याचा उतरला नाही. मग धप्प.
सईची गाडी त्या आडव्या गाडीवर. मधे शिवा.
न उतरलेला आवाज आपला होता.

सोम. १७
दवाखाना. शि.चा डावा पाय राहील, पण गुडघ्यात वाकणार नाही. त्याचं काम मांडी घालून बसायचं. त्याची बायको म्हणाली, "आण्णा, खुर्चीवर बसून पैंजण हुतंय व्हय?" शि. म्हणाला, "माझी पाठ हुती. कोण कसं आलं, काय दिसलं न्हाय."
सई सांगते, पाय काढलेला, विनायकनं मागनं दणका दिला, म्हणून गाडी पुढं गेली. विनायक सांगतो, त्यानंही काढलेला, दणका नाहीच. गाडीचा मागचा भाग असा चेपलाय की त्यावरून काही ठरत नाही. जिन्यात विनायकचा काका हळू आवाजात त्याला सांगत होता, "एकदा बोललास न्हवं? आता तेच धरून ऱ्हा." मी खाली होतो, ऐकलं. पण खरं असलं तरी माणूस तेच धरून राहणार.
मुख्य पंच अप्पासाहेब. शुक्रवारी निर्णय. चूक सईची ठरली तर तिचा शर्यतीचा परवाना कायमचा गेला.
परत येताना गाडीत सई म्हणाली, "पप्पा, तुम्ही ऐकलंय की. सांगा त्यांना. तुमचा शब्द कोण मोडत न्हाय."
बघू म्हटलं.

मंगळ. १८
सकाळी शेडमध्ये सांगितलं. "सई, आवाज उतरला नव्हता."
"माझा?"
"तुझा."
"नक्की?"
"आजवर चुकलोय?"
पाना हातात फिरवत राहिली. "मला तर पाय काढल्याचं आठवतंय. पण तुम्ही म्हणताय तर..."
हिला कळल्यावर ही म्हणाली, "खोटं बोला म्हणत न्हाय मी. पण गप बसता आलं असतं की."
शि.च्या पायाचं काय मग? असं म्हणालो. जेवलो नाही.

बुध. १९
सईनं पंचांना लिहून पाठवलं. 'चूक माझी', एवढंच. मला विचारलं नाही. हेल्मेट पिशवीत घालून माळ्यावर टाकलं. "मामाकडं जातो चार दिवस." गारगोटीला. त्याच मेहुण्याकडं.
अप्पासाहेबांचा फोन. "पोरगी चांगली वाढवलीत, आण्णा." बरं वाटलं. बरं वाटल्याची लाजही वाटली.
बाहेर शिवजयंतीची मिरवणूक. कानात रविवारपासून किर्र चाललंय, त्यात ताशा.

गुरु. २०
किर्र थांबेना म्हणून हिनं कानाच्या डॉक्टरांकडं ओढून नेलं. काचेच्या खोलीत बसवलं. आवाज आला की बटण दाबायचं. डाव्या कानाला भराभर दाबलं. मग उजवा. बराच वेळ बसून राहिलो, शेवटी म्हटलं, "सुरू करा की बाई." म्हणाल्या, "झालं आण्णा."
लेथ, घण, इंजिनं. आठवड्याभरातलं नाही, बऱ्याच वर्षांचं आहे म्हणाल्या. मी विचारलं, दोन गाड्या जवळजवळ असल्या तर? एका कानानं आवाज कळतो, कुठला कुणाचा ते कळेलच असं नाही, असं म्हणाल्या.
ही म्हणाली, "म्हणून मी उजवीकडनं हाक मारली की..."
गारगोटीला फोन लावला. मेहुण्यानं उचलला. किती दिवसांनी आवाज ऐकला. सई रानात गेलीय म्हणाला, निरोप द्यायचा का? काय निरोप देणार? परत करतो म्हटलं.
उद्या पंच बसणार.
एक आवाज उतरला होता, एक उतरला नव्हता. रविवारी ट्रॅक माझ्या उजव्या हाताला होता.