माळ्यावरचं गाठोडं

माय,

लेक झाली तेव्हा तुला एक कागद लिहिला होता. त्यात एक गोष्ट चुकीची लिहिली, ती आधी दुरुस्त करते. मी लिहिलं होतं की पिलेगच्या साली आपण गाव सोडून वावरातल्या झोपडीत राहायला गेलो, तिथे पिंजाऱ्याची बायको, आपली भाभी, विस्तव मागायला आली, आणि तिच्यासोबत गाठीचा ताप आपल्या झोपडीत शिरला. तसं झालं नव्हतं. आधी तू पडलीस. भाभी नंतर पडली. ती विस्तव मागायला आली तेव्हा तुला ताप चढलेला होता, आणि तुला पाहून ती विस्तव न घेताच तुझ्या उशाशी बसली. गावाने हे उलटं सांगितलं. बाबांनी ते कधी खोडून काढलं नाही. मी ते इतक्यांदा ऐकलं की डोळ्यांनी पाहिलेलं मागे पडलं आणि कानांनी ऐकलेलंच मी तुला लिहून मोकळी झाले.

तुला हे आवडलं नसतं. भावाचं आणि माझं भांडण झालं की मी रडत तुझ्याकडे यायची आणि त्याने मला कसं ढकललं तिथूनच सांगायला लागायची. तू जात्याचा खुंटा सोडायची नाहीस. "आंदी काय झालं थे आंदी सांग, मंग रडजो," म्हणायचीस. मग मला सांगावंच लागे की आधी मी त्याचा मातीचा बैल मोडला होता. शाळा आपल्या गावात मुलींसाठी नव्हतीच. तुला तुझ्या बापाने शिकवलं, मला तू शिकवलंस, त्या जात्यापाशीच. जात्याच्या पाळूभोवती पडलेलं पीठ तू हाताने पसरायचीस, त्यात बोटाने अक्षर काढायचीस, मी ते गिरवायची, आणि नंतर तेच पीठ गोळा होऊन टोपल्यात जाई. आपली सगळी बाराखडी भाकरीत गेली. अजूनही मी लिहायला बसले की बोटाला ज्वारीचं पीठ लागल्यासारखं वाटतं. एवढं शिकवून तू मला एक खोड लावून ठेवलीस. झालेलं ज्या क्रमाने झालं त्याच क्रमाने लिहिल्याशिवाय मला झोप येत नाही.

म्हणून क्रमाने लिहिते. आधीच्या पिलेगात आपण काहीच न घेता पळालो होतो. शेजारच्या घरात उंदीर पडले, लोकांनी गाड्या जुंपल्या, आणि बाबांनी आपल्याला आहे त्या लुगड्यानिशी, आहे त्या कुडत्यानिशी गाडीत घातलं. माझी धाकटी बहीण तेव्हा अंगावर पीत होती. ती पिलेगने गेली नाही, वावरातल्या थंडीने गेली. मला ती आठवत नाही. मला आठवतं ते त्यानंतरचं तुझं गाठोडं. दिवाळी झाली की तू ते बांधायचीस. दोन गोधड्या, त्यांच्या घड्यांत सातूच्या पिठाची पुरचुंडी, फुटाणे, गुळाचा खडा, मीठ, सुंठ, काडेपेटी तेलकट चिंधीत गुंडाळलेली, एक तांब्या, एक दोर. वरून जुन्या लुगड्याची गाठ, आणि मग ते माळ्यावर. बायका हसायच्या. "कुठं पळून चालली वं, नवऱ्याले सांगतलं का?" म्हणायच्या. तूही हसायचीस, पण गाठ सोडायची नाहीस. होळी होऊन ऊन तापलं की मगच ते खाली यायचं.

आता दुसऱ्या पिलेगातली ती झोपडी. बाबा तुराट्या रचून वर कापसाच्या वाळक्या पऱ्हाट्या टाकत आहेत, भाऊ बैलांपाशी उभा आहे, आणि तू भुईवर बसून गाठोडं सोडत आहेस. शेजारच्या झोपड्यांत बायका रडत आहेत, कोणाकडे मीठ नाही, कोणाकडे काडी नाही, आणि तू एकेक वस्तू काढून ठेवत आहेस. तुझ्या तोंडावर इतकं समाधान मी पुन्हा कधी पाहिलं नाही. मग तू दुसरी गोधडी झटकलीस आणि तिच्या घडीतून कुरतडलेल्या कापसाचा एक बोळा खाली पडला. मधोमध खळगा, त्यात फुटाण्याची टरफलं. तू मोठ्याने हसलीस. "आपल्या आंदीच कोनी तरी संसार मांडून गेलं वं याच्यात!" असं म्हणून तो बोळा तू पायाने बाहेर सारलास. चांगली गोधडी तू भावावर आणि माझ्यावर घातलीस. भोक पडलेली स्वतः घेतलीस. बाबा बाहेर शेकोटीपाशी घोंगडी घेऊन निजले.

मी विचारलं होतं, "माय, तुले थंडी नाई वाजत?" तू म्हणालीस, "माह्यावाली गोधडी लई गरम हाय. तिच्यात उंदराची ऊब हाय." हे मी आत्तापर्यंत गमतीचं म्हणून जपून ठेवलं होतं.

त्यानंतर तुझी जांघ दुखायला लागली. त्यानंतर ताप. भाभी त्यानंतर आली. तिच्याच नवऱ्याने आपल्या गोधड्यांचा कापूस पिंजून दिला होता. आजूबाजूच्या झोपड्यांनी आपल्याकडे पाठ केली, आणि ती एकटी पदर खोचून आत बसली. "बेटी, पानी ला जरा," एवढंच ती मला म्हणायची. मी तांब्या दाराशी ठेवायची. आत येऊ नकोस, असं तूच हाताने खुणवायचीस. तू गेलीस तेव्हा तुझं डोकं तिच्या मांडीवर होतं. मग ती पडली आणि तीही गेली. झोपड्या जाळून लोक गावात परतले तेव्हा गोष्ट उलटी झालेली होती. पिंजाऱ्याला कोणी कापूस देईना. तो कापूस पिंजायची धनुकली खांद्यावर टाकून गाव सोडून गेला. कुठे गेला ते कळलं असतं तर मी त्याला काय सांगितलं असतं, तेही मला माहीत नाही.

हे सगळं मला आता का आठवलं ते सांगते. मी आता केनवडच्या अलीकडच्या एका गावात, सासरी आहे. तुझी खोड माझ्यातही आली आहे. दिवाळी झाली की मीही गाठोडं बांधते. त्यात तुझी ती चांगली गोधडी असते. लग्नात बाबांनी मला दिली. "हे तुह्या मायचं" एवढंच म्हणाले. परवा आमच्या आळीत उंदीर पडले. मला भीती वाटली, पण खरं सांगते, भीतीच्या आत थोडा अभिमानही होता. माझं गाठोडं तयार होतं. मी शिडी लावून ते खाली काढलं, अंगणात सोडलं, तुझी गोधडी झटकली, आणि तिच्यातून तसाच कापसाचा बोळा पडला. तसाच खळगा. तशीच टरफलं. आणि तुझं हसणं ऐकू आलं.

पिलेगची टोचणी करणारा माणूस गेल्या आठवड्यात गावात येऊन गेला. मला टोचून घ्यायचं होतं, पण आत्याबाई, म्हणजे माझ्या सासूबाई, म्हणाल्या की घरचा माणूस गावाले गेला असताना परक्या माणसापुढं हात कसा धरशीन. नवरा कापसाच्या गाड्या घेऊन कारंज्याला गेला आहे. मी दाराआडून ऐकलं तेवढंच. तो आळीत उभा राहून ओरडून सांगत होता, "उंदीर मेला की त्याच्या पिसवा माणसावर येतात. घर सोडा, पण अर्धं घर बांधून सोबत नेऊ नका. कपड्यात धान्य ठेवू नका. कपडे उकळा, उन्हात घाला." लोक हसले. मीही मनात म्हणाले, याला आमच्या थंडीचं काय ठाऊक. तो बोळा पडला तेव्हा त्याचं बोलणं मला पुन्हा अक्षर न अक्षर ऐकू आलं.

तुला त्यामुळेच झालं, असं मी म्हणत नाही. तसं नक्की कोण सांगणार? त्या साली गावभर उंदीर पडले होते, पिसू कुठूनही आली असेल. पण क्रम लावला की तो तसाच लागतो. आधी गाठोडं, मग गोधडी, मग ताप, मग भाभी. एका लेकराला थंडीने नेलं म्हणून तू जे बांधलंस त्यानेच तुला नेलं असेल, तर मी काय शिकायचं? बांधलं तर भीती, न बांधलं तर भीती. माझी लेक अजून चालतही नाही. पौषाची थंडी आहे, वावरात वारा अंगाला झोंबतो. काल तिचं अंग कोमट लागलं. आत्याबाई म्हणतात दात येऊन राह्यले. असतीलही. मी तासातासाला तिच्या काखेत आणि जांघेत बोट फिरवून पाहते आणि ती गुदगुल्या झाल्यासारखी हसते.

कालपासून मी हंड्यात कपडे उकळते आहे. आत्याबाईंना पायांनी चालता येत नाही. त्या बाजेवरून सगळं पाहतात. "बाई बाई, लोकाच्या सुना भाजी शिजवतात, आमची कपडे शिजवते. मीठ टाकजो मंग!" मी हसले नाही, तर त्याच हसल्या. गोधडी मात्र उकळता येत नाही. एवढा जाड कापूस, या थंडीत आतपर्यंत कधी वाळणार? ओली गोधडी लेकरावर घालता येत नाही आणि कोरडीवर माझा भरवसा नाही. मी ती जाळते म्हटलं तेव्हा त्यांचं हसणं थांबलं. "तुह्या मायच्या हातची हाय नं थे? मंग कायले जाळून राह्यली? वावरात लेकराले काय पऱ्हाट्या पांघरशीन?" मी हंड्याखालचं लाकूड आत सारलं. आळीतली निम्मी घरं रिकामी झाली आहेत, आमची गाडी कारंज्याहून परत येईपर्यंत आम्हाला हलता येत नाही, आणि मी एका गोधडीसमोर उभी आहे.

ती मी गोठ्यापलीकडच्या काट्यांच्या कुपाटीवर टाकली आहे, घरापासून लांब. दिवसभर ऊन खाते. तुझे टाके दुरूनही ओळखू येतात, एका कडेला लांब, थकलेल्या हाताचे. लेकीसाठी मी माझी दोन लुगडी उकळून, वाळवून, एकावर एक शिवली आहेत. त्यांत कापूस नाही. त्यांची ऊब किती पडेल ते वावरात गेल्यावरच कळेल. पीठ आणि फुटाणे पितळेच्या डब्यात घातले आहेत, झाकण दोराने बांधून. या वेळी गाठोडं नाही.

हा कागद कुठे पाठवायचा नाही, म्हणून एवढं लिहून ठेवते. गोधडीला हात लावायचा नाही असं मीच सगळ्यांना बजावलं आहे. पण संध्याकाळ झाली की दव पडेल, भिजेल, म्हणून मी जाऊन ती काढते आणि गोठ्यातल्या खुंटीवर टांगते. परवाही टांगली, कालही टांगली. आज टांगायची नाही असं ठरवून लिहायला बसले होते, आणि आत्ता बाहेर पाहिलं तर कुपाटी रिकामी आहे. मीच केव्हा काढून आणली ते मला आठवत नाही.

गाडी गुरुवारी सांजेला येईल. शुक्रवारी सकाळी बैल जुंपायच्या आधी मी ती जाळीन. शुक्रवारी.