गोडबोलीकडे अडकलेले कागद

३ जून, मंगळवार

आज अकरा फोन! त्यातले नऊ गोडबोलीचे. हे नाव मी ठेवलंय. ती एका नर्सिंग कॉलेजची प्रवेश-सल्लागार. सरकारने – म्हणजे माझ्या लेकीने, घरात हुकूम तिचाच चालतो – चौकशीच्या फॉर्ममध्ये माझा नंबर टाकला. स्वतःचा दिला तर अभ्यास होत नाही म्हणे. आता मी बाहीची गोलाई कापायला घेतली की फोन.

"बाबा, जेवलात का?" सख्ख्या भावाने कधी विचारलं नाही.

"शेवटच्या चारच जागा राहिल्यात बाबा." सकाळीही चारच होत्या.

५ जून, गुरुवार

सरकार म्हणते, "सरळ फोन ठेवून द्यायचा." सरळ म्हणे! पंचवीस वर्षं शिलाईचं दुकान चालवतोय, आल्या माणसाला नाही म्हणायची जीभच नाही मला.

तिचं मन मोठ्या इस्पितळाच्या कॉलेजवर. इथून नऊ तास, वसतिगृहात राहायचं. पण पहिल्या वर्षापासून खरे पेशंट. तिची आई शेवटी आजारी होती तेव्हा वॉर्डातल्या सिस्टरने हिला शिकवलं होतं, आईला दुखू न देता तिची कूस कशी बदलायची ते. तेरा वर्षांची होती. तेव्हापासून हे वेड. यादी सोमवारी. नाव लागलं तर शुक्रवारपर्यंत मूळ कागद हजर करायचे.

७ जून, शनिवार

गोडबोली दुकानात आली होती. फोनवर वाटते त्याहून लहान आहे. मार्कशीटा, शाळा सोडल्याचा दाखला, सगळे मूळ कागद मागितले – "फक्त पडताळणीला, बाबा." दिले. भिडेपोटी. भीड भिकेची बहीण म्हणतात ते काही उगाच नाही.

सरकार मैत्रिणीकडे गेली होती. तिला सांगितलेलं नाही.

९ जून, सोमवार

नाव लागलं! सरकारने मला कापडाच्या ताग्यासारखं गरकन फिरवलं. मग म्हणाली, "बाबा, फाईल कुठंय?"

सांगितलं. ती ओरडली नाही. "एकदा घेतले की ते सोडत नाहीत बाबा. दुसरीकडे जाता येऊ नये म्हणूनच घेतात." आणि उठून माझ्यासाठी चहा टाकला. त्यापेक्षा रागावली असती तर बरं झालं असतं.

१० जून, मंगळवार

दोघं कॉलेजात गेलो. कागद राहिले बाजूला, गोडबोलीने आधी सगळं फिरवून दाखवलं. सरावाच्या खोलीत पांढऱ्या गणवेशातल्या सहा मुली. "या आमच्या दुसऱ्या वर्षाच्या."

मला माणसाआधी कपडा दिसतो, खोड आहे. बाहीच्या दुमडीवर निळा कच्चा धागा तसाच! पक्की टीप मारली की तो आधी उसवून टाकतात. नव्या कापडाची कडक खळसुद्धा मोडलेली नाही. सहाही जणींना एकच माप, एकीला तर मागून टाचण्या लावून आवळलेलं. वर्षभर अंगावर असलेला कपडा कोपरात आणि काखेत सांगतो. हे सगळे आज सकाळी चढवलेले.

सरकारने एकीला विचारलं, "वॉर्डची ड्युटी कुठल्या इस्पितळात असते?" तिने गोडबोलीकडे पाहिलं. दुसरी पटकन म्हणाली, "बाबा, या ना, बसा ना." हा आवाज मी ओळखला. गोडबोली कामात असली की हीच फोन करते.

कागद मागितले. "साहेब रजेवर आहेत. पुढच्या सोमवारी या." शुक्रवार गेल्यावर!

११ जून, बुधवार

पुन्हा गेलो. साहेब नाहीत. उद्या मी तिथेच बसणार, काम घेऊन.

१२ जून, गुरुवार (गाडीत लिहितोय)

साडेनऊपासून त्यांच्या दारातल्या सोफ्यावर बसलो. मांडीवर वकीलबाईंचा कोट, हातशिलाईचा. पहारेकरी म्हणाला, "काका, इथं शिवायचं नाही."

"कागद द्या, उठतो."

आईबाप मुलींना घेऊन येत होते. कोणी विचारलं, इथं कसे? मी गणवेशाचं सांगितलं. आवाज चढवला नाही, पदरचं काही घातलं नाही. तीन कुटुंबं फाईल काखोटीला मारून परत गेली.

दोन वाजता गोडबोली स्वतः फाईल घेऊन खाली आली. "तपासून घ्या बाबा." मग हळूच, "मला महिन्याला वीस प्रवेश आणावे लागतात. नाहीतर घरी बसवतात."

तिच्या बाहीची शिवण उसवली होती. सुई हातात होतीच, दोन टाके घातले. तिच्यावर रागावता येईना.

सरकार बॅग भरून बसस्टँडवरच थांबली होती. फाईल छातीशी धरून आता झोपली आहे.

१३ जून, शुक्रवार

कारकुनाने कागद चाळले, शिक्का मारला. झालं! वर्ग सोमवारपासूनच, म्हणून तिला तिथेच ठेवलं. खोलीत चौघी आहेत. निघताना म्हणाली, "बाबा, माझ्यासाठी दिवसभर भांडत बसलात."

१५ जून, रविवार

घरी. भात दोघांचा टाकला गेला.

इथे तरी खरं लिहितो. त्या शनिवारी गोडबोलीने कागद मागितले नव्हते. ती नुसती म्हणाली, "आमची बस गल्लीच्या तोंडाशी येते बाबा, मुलगी रोज संध्याकाळी घरी." मीच उठलो आणि फाईल काढून तिच्या हातात दिली.