ओवाळणीच्या ताटातला कागद

मी, श्रीमती प्रमोदिनी रघुनाथ इंगवले, वय ६३, निवृत्त उपसंपादक, राहणार राजारामपुरी, कोल्हापूर, हे मृत्युपत्र लिहून ठेवते. माझे डोके ठिकाणावर आहे. कोणाचा दाब नाही. असता तर मजकूर वेगळा झाला असता.

१. पती हयात नाहीत, मूलबाळ नाही. मृत्युपत्राविना गेले, तर वडिलांकडून आलेला माझा हिस्सा कायद्याने परत माहेरी, म्हणजे धाकटा भाऊ अंबादास वडणगेकर याच्याकडे जाईल. ते होऊ नये म्हणून हा खटाटोप.

२. मंगळवार पेठेतले घर वडिलांच्या स्वकमाईचे. १९९२ साली ते मृत्युपत्र न करता वारले. आई आधीच गेली होती. भावंडे आम्ही दोघेच, तेव्हा निम्मे घर माझे. त्याच वर्षी भाऊबिजेला मी ओवाळल्यावर अंबादासने ताटात साडी ठेवली आणि साडीवर हक्कसोडपत्र.

"रजिस्टर करायला नको का?" मी विचारले.

"भावाबहिणीत सरकार कशाला, ताई? घरातल्या घरात हाय की!"

आमच्याकडे बहिणी अशाच सह्या करतात. न करणारीचे माहेर तुटते. मी केली.

३. त्या कागदावर सिटी सर्व्हेच्या मालमत्ता पत्रकावरून माझे नाव कमी झाले. पती गेल्यावर राहायला माडीवरच्या दोन खोल्या मागितल्या, तर अंबादास म्हणाला, "सही केलीस की तू!" कचेरीत उत्तर मिळाले, "नाव उडालंय बाई. कोर्टात जावा." वकिलांनी सांगितले की नोंदणी न झालेल्या हक्कसोडपत्राने घरावरचा हक्क सुटत नाही, आणि पत्रकावर नाव असणे म्हणजे मालकी नव्हे.

"म्हणजे निम्मं घर माझंच?"

"तुमचंच. फक्त सिद्ध करायचं."

ते सिद्ध करणे पाच वर्षे चालू आहे. न्यायाधीश बदलतात, तारीख तेवढी मिळते. माझेच घर मागताना मी आजही भाड्याच्या खोलीत आहे.

४. तो निम्मा अविभक्त हिस्सा आणि दाव्यातले माझे सर्व हक्क मी अंबादासची मुलगी अंतरा हिला देते. तिचे लग्न ठरले आहे. तिचा भाऊ अर्णव वाईट मुलगा नाही. पण अंबादासही नव्हता. अंतरा, ओवाळणीत कागद आला तर ताट खाली ठेव.

५. बँकेतली शिल्लक दाव्याच्या खर्चाला. लुना शेजारच्या पिराजीला. ती सुरू करण्याची खुबी त्यालाच ठाऊक. भाऊबिजेची ती साडी, घडीही न मोडलेली, अंबादासला परत.

६. मृत्युपत्राची नोंदणी सक्तीची नाही. जो कागद नोंदवायलाच हवा होता तो तसाच राहिला. हा मी नोंदवणार आहे. दुसऱ्या साक्षीसाठी भावजयीला, अंतराच्या आईला, भीतभीतच विचारले.

"वन्सं, गडहिंग्लजला माहेरी मीबी अशीच सही केली. मला तर साडीबी न्हाई."

"अंबादासला काय सांगशील?"

"भावाबहिणीत सरकार नको म्हणत्यात न्हवं? मग नणंद-भावजयीत नवरा कशाला? पेन द्या हिकडं."

सही : प्रमोदिनी र. इंगवले

आमच्यासमक्ष त्यांनी सही केली. त्यांच्यासमक्ष आम्ही :
१. गणपतराव सूर्यवंशी, शेजारी
२. बाळाबाई अंबादास वडणगेकर

कोल्हापूर, १२ जून २००६