कळतंय ना?

४ फेब्रुवारी

उद्धटपणाची हद्द झाली! भरल्या सभागृहात माझीच जुनी विद्यार्थिनी उठते आणि म्हणते – "मॅडम, तुमचा पेपर पुन्हा तपासायला हवा." माझा पेपर! तीन वर्षं खपले त्याच्यापायी. मधुमेहाने तळपाय बधिर झालेली माणसं रोज चालवली, त्यांच्याकडून पायांचे व्यायाम करून घेतले. निम्म्याहून जास्त जणांना पुन्हा स्पर्श कळू लागला. छापून आलंय हे, चांगल्या मासिकात.

म्हणे, "आमच्या रुग्णालयात तसं काही दिसलं नाही." नाचता येईना, अंगण वाकडं! हिला तपासणीचा दोरा धरायला मी शिकवलं.

५ फेब्रुवारी

तिचं पुढचं मी काल रागात ऐकलंच नव्हतं. आज विभागप्रमुखांनी आवर्जून ऐकवलं. तपासणी साधी – रुग्णाने डोळे मिटायचे, आपण नायलॉनचा दोरा तळपायाला टेकवून वाकेपर्यंत दाबायचा, कळलं की त्याने सांगायचं. तर बाईसाहेबांचा आक्षेप असा, की मी दर वेळी "कळतंय ना?" असं विचारते. "मॅडम जीव लावतात हो. त्यांना नाही कोण म्हणेल? लोक आपले हो म्हणतात."

म्हणजे माया केली हाच गुन्हा! मग काय, दगडासारखं बसायचं?

विभागप्रमुख चहा ढवळत म्हणाले, "एकदा दोरा न टेकवता विचारून बघा बुवा." बघा बुवा! पेपरवर स्वतःचं नाव घालायचं होतं तेव्हा नाही सुचलं हे.

७ फेब्रुवारी

तिचा फोन आला होता. उचलला नाही. बसू दे वाट बघत.

९ फेब्रुवारी

आज बाबांवर ओरडले. त्यांच्या मोज्याला रक्त! तळपायाला चांगली खोल जखम, आणि स्वारी सकाळी फिरून येऊन निवांत पेपर वाचत बसलेली. बुटात खिळा वर आलेला.

"दुखलं नाही का हो?"

"दुखलं की. थोडंसं."

"मग बोलायला काय झालं होतं?"

"तू आधीच चिडलेली. म्हटलं, कशाला आणखी."

माझ्या व्यायामांनी ज्यांचे पाय सुधारले त्यांतले एक बाबा. पेपरात घेतले नव्हते, घरचे म्हणून. पण अख्ख्या गल्लीला सांगत फिरतात – लेकीने पाय परत दिले. रोज चालतात, ऊन असो की थंडी. जखम धुऊन पट्टी बांधली. मग जाऊन त्या बुटवाल्याला असा झापला की आजूबाजूची दुकानं बाहेर आली! शेवटी तो म्हणाला, "ताई, खिळा आजचा नाही. पार गंजलाय. इतके दिवस कळलं कसं नाही?"

उचलली जीभ, लावली टाळ्याला. जेवण गेलं नाही.

१० फेब्रुवारी

त्या पोरीचं तोंड एकदाचं बंद करावं म्हणून बसले. बाबांना डोळे मिटायला सांगितलं. दुसरा पाय, चांगला, मांडीवर घेतला.

"कळतंय ना, बाबा?"

"हो हो, अगदी स्पष्ट!"

दोरा डबीतच होता.

बाबांनी डोळे मिटलेलेच. म्हणाले, "पेपर खराच आहे बाळ तुझा. सांग त्या पोरीला."

त्या पोरीलाच फोन लावला. बाबांना घेऊन तिच्याकडे निघालेय.